सोळा वर्षांच्या मुलांना मत असावे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहाराची वाटचाल सांगायची, देणगीदारांचे आभार मानायचे आणि शेवटी ‘तरुणांनी पुढे यावे’ असे आवाहन करून खाली बसायचे, हा आपला रिवाज आहे. हे आवाहन आम्ही स्वतः याच जागेवरून कितीतरी वर्षे केले. यंदा मात्र ते करायला जीभ वळत नाही. का वळत नाही, ते आधी सांगतो.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत वस्तीतली पंचवीस-तीस मुले-मुली रात्री अकरापर्यंत बसत. घरात एकच खोली, त्यात टीव्ही, आलेगेले पाहुणे, धाकटी भावंडे. म्हणून तर आपण अभ्यासिका काढली. त्याच सुमारास एका साखरपुड्यासाठी दोन दिवस जागेची मागणी आली. पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलायचे होते, भाड्याचे पैसे हवेच होते. कार्यकारिणीची बैठक झाली आणि वरचा मजला दोन दिवस देण्याचा ठराव झाला. इतिवृत्तात नेहमीप्रमाणे लिहिले, ‘सर्वानुमते मंजूर’.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुले दप्तरे घेऊन जिन्यावर उभी. फळ्यावर आमची सूचना. त्यांच्यातली एक बारावीची मुलगी, वय सतरा, आमच्याकडे आली. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, “काका, सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मताने?”

खरं सांगतो, आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या बैठकीत आम्ही अकरा जण होतो. सर्वांत धाकटा चाळिशी ओलांडलेला. अभ्यासिकेत बसणारा त्यात एकही नव्हता. ज्यांचे नुकसान व्हायचे होते त्यांना वगळून आम्ही सर्वानुमते निर्णय घेतला होता. अहो, आपल्या बापजाद्यांच्या बाबतीत शेकडो वर्षे दुसरे काय झाले? गाव बसायचा, गाव ठरवायचा, आणि ज्यांच्यावर ठरवायचा ते बाहेर उभे. त्या दिवशी आम्ही आत होतो आणि आमचीच लेकरे जिन्यावर उभी होती.

तेव्हा आजचा विषय त्या मुलीने दिलेला आहे. तिचा प्रश्न आपल्या जिन्यावरचा असला तरी तोच प्रश्न आज अनेक देशांत विचारला जात आहे. मताधिकाराचे वय अठरावरून सोळावर आणावे काय? यावर आम्हांला काय वाटते ते सांगतो. पटले तर घ्या, नाही पटले तर जेवताना भांडा.

आधी आपल्या देशातली हकीकत पाहू. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती. आमच्यासारखे जे आज साठी-सत्तरीत आहेत, ते एकविसावे सरल्यावरच मतदार झाले. पुढे ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून ही अट १८ वर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत अठरा-एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिले. गंमत अशी की, करारमदारासाठी माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो, हे १८७५ च्या कायद्यानेच ठरवले होते. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला कर्जाच्या कागदावर सही करता येत होती, पण मतपत्रिकेवर शिक्का मारता येत नव्हता. ही विसंगती दूर व्हायला स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला.

आता आजची विसंगती पाहा. २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की, सोळा ते अठरा वयाच्या मुलाच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडला, तर बालन्याय मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढ समजून खटला चालवता येतो. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोक्याचे नसलेले काम करायला ठेवता येते. तो मुलगा स्वतःच्या कमाईतून मोबाइलचे रिचार्ज करतो, त्यावर जीएसटी भरतो. म्हणजे सोळाव्या वर्षी घाम गाळायला तो मोठा, कर भरायला मोठा, प्रसंगी कोर्टात उभे राहायलाही मोठा. फक्त मत द्यायला लहान. हे कोणत्या न्यायाने?

बाहेरच्या देशांत काय चालले आहे? ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत दिले. त्यांच्यावर सक्ती नाही, ज्याला वाटेल त्याने द्यावे. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये देशपातळीवरच्या निवडणुकांसाठीही वय १६ केले. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये केले. स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत दिले, आणि तो अनुभव पाहून स्वतःच्या संसदेच्या व स्थानिक निवडणुकांत ते कायम केले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने सर्व देशासाठी वय १६ करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे हे काही हवेतले बोलणे नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. आक्षेप घेणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही.

पहिला आक्षेप : पोरांना काय कळतंय? आमच्या एका स्नेह्यांनी तर सरळ सांगितले, “आमच्या चिरंजीवाला सकाळी उठून अंथरूण आवरायचं कळत नाही, तो सरकार निवडणार?” सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर आठवले, की हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलेले आहे.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. त्या काळी मत कुणाला? ज्याच्याजवळ जमीन, मालमत्ता, कर भरण्याची ऐपत, त्याला. अस्पृश्यांजवळ यातले काय होते? पुढे सायमन कमिशनच्या वेळी १९२९ मध्ये बाबासाहेबांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मत मागितले. तेव्हाही मोठमोठे लोक म्हणत होते, आधी यांना शिकू द्या, मग मत देऊ. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस नव्हे, आणि अक्षर आले म्हणून शहाणपण आले असेही नव्हे. आधी शाळेचे दार बंद करायचे आणि मग शिक्षण नाही म्हणून मताचे दार बंद करायचे, हा डाव त्यांनी ओळखला होता. मत हे स्वतःच एक शिक्षण आहे, मत हातात आले की माणूस विचार करायला लागतो, ही त्यांची भूमिका होती.

१९३५ च्या कायद्यानंतरही देशातल्या सुमारे १४ टक्के लोकांनाच मत होते. संविधान आले आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदारांची यादी झाली. त्यातले बहुसंख्य निरक्षर होते. आपले आजी-आजोबा त्यांतलेच. चित्र पाहून त्यांनी मत टाकले, आणि देश बुडाला नाही. ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य ज्यांच्याविरुद्ध वापरले गेले, त्यांच्या नातवंडांनी तेच वाक्य आपल्या पोरांविरुद्ध वापरताना दहादा विचार करावा, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप : मुले बापाच्या सांगण्यावरून मत देतील. हे तर स्त्रियांबद्दल म्हटले जात होते! पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना काही राज्यांत लाखो बायांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच लिहवून घेतले. निवडणूक आयोगाने नावाचा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. म्हणून कुणी बायकांचे मत काढून घेतले काय? नाही. पुढच्या वेळी त्यांनी नावे सांगितली. आज आपल्या वस्तीतली आजी मुलाने सांगितलेल्या चिन्हासमोर मान डोलावते आणि आत जाऊन आपल्या मनाचे बटण दाबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुप्त मतदानाची ताकद ती हीच. सोळा वर्षांचा मुलगा बापाचे ऐकेल म्हणणाऱ्याने बहुधा घरात सोळा वर्षांचा मुलगा पाहिलेलाच नाही.

तिसरा आक्षेप जड आहे. पक्षवाले मुलांना नादी लावतील. पैसा येईल, बाटली येईल, शाळा सुटेल. ही भीती आयाबाया बोलून दाखवतात आणि ती खरी आहे. पण आम्ही विचारतो, आज काय होत नाही? प्रचाराच्या फेरीत झेंडे कोण धरतो? घरोघर चिठ्ठ्या कोण वाटतो? निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व पक्षांना बजावावे लागले की, लहान मुलांना प्रचारात वापरू नका. आज मुलाच्या हातात झेंडा आहे पण मत नाही, म्हणून त्याचा भाव एका वडापावाचा आहे. ज्याला मत नाही त्याला उमेदवार राबवून घेतो. ज्याला मत आहे त्याला निदान उत्तर द्यावे लागते. शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही, वसतिगृहात पाणी का नाही, कॉलेजच्या वेळेला एसटी का नाही, हे सोळा-सतराच्या मुलांचे रोजचे प्रश्न. त्यांच्याजवळ मत नसल्यामुळे हे प्रश्न जाहीरनाम्यात शेवटच्या पानावर जातात.

चौथा आक्षेप एका बाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, सोळाव्या वर्षी मुलगी मतदार झाली की लोक म्हणतील मोठी झाली, उरकून टाका लग्न. हा आक्षेप ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. पण याचे उत्तर कायद्यातच आहे. मताचे वय वेगळे आणि लग्नाचे वय वेगळे. १९८९ मध्ये मताचे वय १८ झाले म्हणून मुलाच्या लग्नाचे वय २१ चे १८ झाले नाही. निवडून येण्याचे वय आणखी वेगळे : लोकसभा-विधानसभेला २५, ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला २१. प्रत्येक कामाला लागणारी पक्वता निराळी, हे संविधानानेच मानले आहे.

इथे कुणी म्हणेल, आपल्या भिक्खुसंघातच विसाव्या वर्षाखाली उपसंपदा नाही. सामणेराला संघकर्मात मत नाही. मग तुम्ही सोळा कुठून काढले? दाखला बरोबर आहे आणि तो आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो, म्हणूनच तो टाळत नाही. विनयात त्याची कथा आहे. राजगृहातली सतरा मुले मित्रामित्रांत ठरवून संघात आली. आईवडिलांना वाटले, लेखन शिकला तर बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल, त्यापेक्षा भिक्खू झालेला बरा! पहाटेच्या आधीच ही मुले भुकेने रडू लागली, खाऊ मागू लागली. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, वीस वर्षांखालच्याला उपसंपदा देऊ नये, कारण थंडी, ऊन, भूक, तहान सोसण्याची त्याची तयारी नसते. आणि ही वीस वर्षेसुद्धा आईच्या पोटात आल्यापासून मोजायची सवलत दिली.

नीट पाहा. नियम मुलांच्या बुद्धीला कमी लेखून झालेला नाही. ते जीवन सोसेल का, एवढेच पाहिले. उलट सात वर्षांच्या सोपाकाला भगवंतांनी प्रश्न विचारले, त्याने न घाबरता उत्तरे दिली आणि तीच त्याची उपसंपदा ठरली, असे थेरगाथेत सोपाक स्वतः सांगतो. म्हणजे काय? आकडा माणसासाठी आहे, माणूस आकड्यासाठी नाही. कोणत्या कामाला काय लागते ते पाहून आकडा ठरवावा. आणखी एक गोष्ट. सामणेराला मत नसले तरी त्याला वाऱ्यावर सोडलेले नसते. तो आचार्यांजवळ राहतो, संघाचे काम कसे चालते ते रोज पाहतो. आपण आपल्या मुलांना मतही देत नाही आणि शिकवतही नाही. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता शहाणपण आकाशातून पडेल, अशी वाट पाहत बसतो.

त्याचा परिणाम काय होतो? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते, आणि त्यांत अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख. त्या वयाच्या मुलांच्या अंदाजे संख्येशी हा आकडा ताडला, तर निम्म्यांचीही नावे यादीत नव्हती. हक्क आहे पण नाव नाही. असे का? कारण अठरा हे घर सोडण्याचे वय. मुलगा पुण्याला कॉलेजात, मुलगी नर्सिंगला नागपूरला, नाव कुठे घालायचे कळत नाही. सोळाव्या वर्षी मूल घरात असते, शाळेत असते. आईबरोबर रांगेत उभे राहू शकते. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतानंतर तिथल्या निवडणूक आयोगाने पाहणी केली, तेव्हा सोळा-सतराच्या मुलांचे मतदान अठरा ते चोवीसवाल्यांपेक्षा जास्त दिसून आले. पहिले मत घरातून पडले की सवय लागते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तेव्हा आमचे मत असे : उद्याच लोकसभेसाठी वय सोळा करा, असे आम्ही म्हणत नाही. सुरुवात ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेपासून करावी. नळ, गटार, दिवा, वाचनालय, मैदान, शाळा हे विषय सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याइतकेच कळतात. पाणी भरायला तर तीच मुले जातात. ३२६ वे कलम लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांविषयी आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्याच्या कायद्याने होतात, आणि महाराष्ट्रात त्यांना विधानसभेचीच यादी लावली जाते. उमेदवारीचे वय स्थानिक संस्थांत २१ आणि वर २५ असा फरक आहेच. तसाच फरक मताच्या वयात का नसावा? चार निवडणुका पाहाव्यात आणि मग पुढचे ठरवावे.

पण सरकारने करावे म्हणून हात झटकून बसणे, हे आपल्या चळवळीचे वळण नाही. आपल्या हातात आहे ते आधी करू. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींची एक सभा असावी. त्यांनी गुप्त मतदानाने एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन प्रतिनिधी निवडावेत. अभ्यासिका, वाचनालय आणि जयंतीचे कार्यक्रम या तीन विषयांवर कार्यकारिणीत त्या दोघांना बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार असावा. पैशाचे आणि कायद्याचे व्यवहार सज्ञान विश्वस्तांकडेच राहतील, त्याला आमची हरकत नाही. पण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका बंद करायची असेल, तर त्या दोघांच्या संमतीशिवाय ती बंद होणार नाही. मग पत्रे गळले तरी चालतील. आपण वर्गणी काढू.

ते चुकतील काय? चुकतील. आम्ही अकरा जण पन्नास-साठ वर्षांचे अनुभव घेऊन बसलो होतो, आम्ही चुकलो नाही का?

आणि एक साधे काम आजच करण्यासारखे आहे. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना क्रमांक ६ आगाऊ भरता येतो, ही सोय २०२२ पासून झाली आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. त्यांतल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण होतील, त्या तारखेपासून नाव लागू शकते. जन्माचा दाखला किंवा दहावीची सनद आणि पत्त्याचा पुरावा घेऊन रविवारी सकाळी वंदनेनंतर या. फॉर्म भरण्याचे काम आम्ही कार्यकारिणीची माणसे बसून करू. कुणाच्या घरात सतरा वर्षांचे मूल आहे ते शेजारणीला विचारा, शेजारीण सांगेल.

जिन्यावर प्रश्न विचारणारी ती मुलगी आज इथेच बसली आहे. नाव सांगत नाही, ती लाजेल. परीक्षा चांगली गेली तिची. त्या दोन रात्री तिने मावशीच्या घरी जाऊन अभ्यास केला. पोरी, त्या दिवशी तुला उत्तर दिले नाही, ते आज सगळ्यांसमोर देतो. तुझे मत घेतले नव्हते, म्हणून तो ठराव सर्वानुमते नव्हता. इतिवृत्तातला तो शब्द आम्ही खोडला आहे, आणि समोर लिहिले आहे : ‘हजर सभासदांच्या मते.’ आता सर्वसाधारण सभेत आमच्या ठरावावर कोण काय म्हणते ते ऐकायला तूही ये. मागच्या रांगेत बसू नको, पुढे बस.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!